गव्हर्नरच्या निवडणुकीत उमेदवारासाठी उतरायचंय, पण नेमकं काय करायचं? दारोदार, फोन, घरची बैठक की चेक

अमेरिकेत न्यू जर्सीची २०२५ ची गव्हर्नरची (म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाची) निवडणूक झाल्यापासून एकच प्रश्न बऱ्याच जणांकडून येतोय, की उमेदवार आवडलाय, शनिवारी दोन-तीन तास मोकळे आहेत, तर ते घालवू कुठे. आणि आता ३ नोव्हेंबर २०२६ ला तब्बल ३६ राज्यांत गव्हर्नर निवडले जाणार म्हटल्यावर हा प्रश्न फक्त न्यू जर्सीतल्या एडिसन-प्लेन्सबरोवाल्यांचा राहिलेला नाही. मत कोणाला द्या हे मी सांगत नाहीये, खालचं सगळं दोन्ही पक्षांना सारखंच लागू आहे.

आधी आपलं इमिग्रेशन स्टेटस बघा, कारण अर्धे पर्याय तिथेच गळतात. एच-वन-बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर एक डॉलरसुद्धा देता येत नाही, गव्हर्नरच्या निवडणुकीतही नाही, आणि मित्राच्या हातात कॅश ठेवून त्याच्या नावावर डोनेशन करायला लावणं हा तर वेगळाच गुन्हा. पण बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून फोन लावणं, दारोदार फिरणं चालतं, फक्त मोहिमेचा पैसा कुठे खर्चायचा असल्या निर्णयांत पडायचं नाही. ग्रीन कार्डवाले पैसे देऊ शकतात पण मत नाही, आणि कोणी उत्साहात व्होटर रजिस्ट्रेशनचा फॉर्म पुढे केलाच तर हात जोडा, पुढे सिटिझनशिपच्या वेळी ते महागात पडतं.

आता दारोदार विरुद्ध फोन. येल विद्यापीठाच्या गर्बर आणि ग्रीन या दोन संशोधकांनी १९९८ ला न्यू हेवनमध्ये साधारण ३० हजार मतदारांवर प्रयोग केला होता, त्यात ज्यांच्याशी दारात समोरासमोर बोलणं झालं त्यांचं मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं आणि पैसे देऊन करवून घेतलेल्या फोनचा जवळपास काहीच उपयोग झाला नाही. हे ऐकून लोक लगेच शूज घालतात, पण थांबा, हा आकडा मतदानाला बाहेर पडण्याचा आहे, मत बदलण्याचा नाही. मत बदलण्याबद्दल काला आणि ब्रूकमन या संशोधकांनी ४९ प्रयोग एकत्र करून पाहिले, तर मुख्य निवडणुकीत सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला! म्हणजे समोरच्या पक्षाचा बोर्ड लावलेल्या घरात वीस मिनिटं वाद घालून जिंकल्यासारखं वाटतं ना, ती वीस मिनिटं वाया. जायचं ते आपल्याच पण आळशी समर्थकांकडे. न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक मुळात विषम वर्षी येते, अध्यक्षपदाच्या वेळी मत दिलेली कितीतरी माणसं तेव्हा घरीच बसतात, म्हणून तिथे हे काम जास्तच लागतं. २०२१ ला न्यू जर्सीत डेमोक्रॅट मर्फी आणि रिपब्लिकन चिटरेली यांच्यात फक्त ८४ हजार मतांचा फरक होता, सगळ्या राज्यात मिळून. २०२५ ला तेच चिटरेली डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडून चौदाएक टक्क्यांनी हरले, पण पोल लढत बरीच जवळची दाखवत होते, त्यामुळे आपलं काम कामी येणार की नाही हे आधी कोणालाच कळत नाही.

दारोदार जाण्याचा त्रास सांगतो. बहुतेक दारं उघडत नाहीत, डोअरबेलच्या कॅमेऱ्यातून बघून लोक गप्प बसतात. अॅपवर यादी येते (डेमोक्रॅट्स मिनीवॅन वापरतात), त्यात ज्या घराचं नाव नाही तिथे जायचं नाही. पत्रक मेलबॉक्समध्ये टाकायचं नाही, स्टॅम्प नसलेला कागद तिथे टाकणं फेडरल नियमाविरुद्ध आहे, दाराच्या कडीला अडकवा. जोडीनेच जा, आणि ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी सहानंतर दार वाजवणार असाल तर अनोळखी माणसाला अंधारात कोण दार उघडणार याचा विचार करा.

फोनला मी कमी मार्क देतो, एक अपवाद सोडून, तो म्हणजे भाषा. न्यू जर्सीतल्या इझलिनच्या ओक ट्री रोडच्या (भारतीय दुकानांचा रस्ता) आसपास राहणाऱ्या, मुलांकडे येऊन सिटिझन झालेल्या आजी-आजोबांना कॅम्पेनचा इंग्रजी फोन आला की ते ठेवून देतात, तोच मराठी किंवा गुजरातीत आला की दहा मिनिटं बोलतात, मेलमधून आलेली मतपत्रिका कपाटात तशीच पडलीये हेही सांगतात. २०२५ ला न्यू जर्सीत २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असं प्रत्यक्ष जाऊन आधी मतदान करता येत होतं, आणि ज्येष्ठांना हे कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगावंच लागतं. गुडघे दुखत असतील, लहान मूल असेल, तर बिनधास्त हा पर्याय घ्या.

टेक्स्टिंगबद्दल फार बोलत नाही. बटण दाबत राहायचं आणि शिव्या वाचायच्या.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र बोलायला हवं, कारण आपली मंडळी सगळी ताकद तिथेच घालवतात. लग्नाची पत्रिका ग्रुपवर टाकणं आणि घरी जाऊन अक्षता देणं यात जो फरक तोच इथे, चारशे जणांच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड कोणाचाच नसतो. त्यापेक्षा ओळखीच्या दहा सिटिझन लोकांची यादी करा, प्रत्येकाला वेगळा फोन करून कोणत्या दिवशी आणि किती वाजता जाणार ते विचारा, आणि त्या दिवशी पुन्हा फोन करा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण परक्या माणसाच्या दारापेक्षा इथे तुमचं वजन जास्त.

मोठी सभा की घरची बैठक? १ नोव्हेंबर २०२५ ला ओबामा एकाच दिवशी डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी व्हर्जिनियात नॉरफोकला आणि मग न्यू जर्सीत नेवार्कला सभा घेऊन गेले, ट्रम्प यांनी चिटरेलींसाठी टेलिफोनवरून सभा घेतली. वातावरण तापतं, फोटो छान येतात, पण गर्दीतले बहुतेक आधीच ठरवून आलेले, खरं काम दारावर नाव-नंबर लिहून घेणाऱ्या मुलांचं. घरच्या चहाला गव्हर्नरपदाचा उमेदवार सहसा येणार नाही, मोठा चेक असल्याशिवाय तर नाहीच, पण तुमचा असेंब्लीमन (राज्याच्या विधानसभेतला प्रतिनिधी) किंवा टाउनशिपची मेयर त्यांच्या वतीने येऊ शकते, आणि तिथे प्रश्न खरे येतात: प्रॉपर्टी टॅक्स, ज्याची न्यू जर्सीतली सरासरी वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेलीये, आणि जून २०२५ पासून वाढलेलं विजेचं बिल. एक पथ्य पाळा. महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात उमेदवाराचा प्रचार नको, गणपतीची आरती झाल्यावर 'दोन शब्द' बोलायला उभं करणं हीसुद्धा तीच गोष्ट. घरी घ्या, स्वतःच्या नावाने घ्या, आणि खाण्यापिण्याचा खर्च कसा दाखवायचा ते कॅम्पेनच्या ट्रेझररला आधीच विचारा, राज्याराज्यात नियम वेगळे आहेत.

पैशाचं गणितही राज्यावर अवलंबून. न्यू जर्सीत सरकारी निधीच्या योजनेत पात्र ठरलेल्या उमेदवाराला तुमच्या एका डॉलरमागे सरकार दोन डॉलर देतं, आणि २०२५ ला एका माणसाची मर्यादा ५,८०० डॉलर होती, म्हणजे तुमच्या शंभरचे तीनशे होतात. व्हर्जिनियात मर्यादाच नाही, तिथे तुमचे शंभर डॉलर लाखांच्या चेकखाली कुठे जातात कळतही नाही. आणि पैसा म्हणजे मत नव्हे, जून २०२५ च्या न्यू जर्सीतल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) शॉन स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशातून तीन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि ते सहांत पाचवे आले.

त्याच प्रायमरीत शेरिल साधारण एक तृतीयांश मतांवर जिंकल्या. काउंटी पार्टीच्या पसंतीचे सगळे उमेदवार एका ओळीत छापायची जुनी पद्धत २०२४ च्या कोर्टाच्या निकालाने मोडली होती, त्यामुळे मतं विखुरली. म्हणून वर्षात एकदाच वेळ काढणं शक्य असेल आणि तुमच्या राज्यातली प्रायमरी अजून व्हायची असेल, तर मी तिथे देईन, मतदार कमी आणि पक्ष एकच, त्यामुळे लोकांचं मतही तेव्हा वळतं. प्रायमरी होऊन गेली असेल तर शेवटचे दोन वीकेंड दारोदार, आणि मधल्या आठवड्यात संध्याकाळी ओळखीच्या त्या दहा जणांना फोन. चेक द्यायचाच असेल तर आत्ता द्या, ऑक्टोबरच्या शेवटी आलेल्या पैशातून फार तर आणखी एक टीव्हीची जाहिरात निघते.