आबा गेल्यानंतर: कोथरूडच्या बाल-समुपदेशन केंद्राचा आमचा अनुभव

माझे सासरे जानेवारीत गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. आजीने त्याला सांगितलं, आबा देवाघरी गेले. आत्या म्हणाली, शांत झोपलेत. आणि मोठ्यांच्या बोलण्यात ‘वैकुंठात नेलं’, म्हणजे पुण्यातल्या वैकुंठ स्मशानभूमीत, हे त्याच्या कानावर पडलं. आठवड्याने त्याने विचारलं, “वैकुंठ नवी पेठेत आहे ना? मग रिक्षाने जाऊन आबांना घेऊन येऊ.” मला उत्तरच सुचलं नाही. नंतर तो दुपारी बाबाचा डोळा लागू देईना, हलवून उठवायचा. कधीच सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं.

म्हणून आम्ही कोथरूडच्या या समुपदेशन केंद्रात गेलो. इथली पहिली भेट मुलाशिवाय, फक्त आम्हा दोघांची. तेव्हा मला ते पटलं नव्हतं, पण सगळ्यात उपयोगी तीच ठरली. तिथल्या समुपदेशक मॅडमनी आधी विचारलं, “त्याला नेमके कोणते शब्द सांगितलेत?” या वयात मेलेलं माणूस परत येत नाही, हे पुरतं उमगलेलं नसतं. ‘झोपले’ म्हटलं की मूल झोपेलाच घाबरतं. त्यांनी आम्हाला सांगायची वाक्यं दिली: “आबांचं हृदय बंद पडलं. शरीर काम करायचं थांबलं. त्यांना आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत.” घरी एकटीने म्हणून पाहिलं, तर शेवटचं वाक्य तोंडातून निघेना.

सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे वैकुंठात आबांना भाजलं नाही?” इतके दिवस पोरगं हे मनात घेऊन फिरत होतं. मी नाही म्हटलं, त्याने “बरं” म्हटलं आणि सायकल काढून खाली गेला. मॅडमनी याचीही कल्पना दिली होती. मुलं सलग शोक करत नाहीत, मध्येच खेळायला पळतात, परत येऊन तेच विचारतात. आपणही तेच उत्तर द्यायचं, न वैतागता.

पुढच्या चार भेटी त्याच्या. वाळूचा ट्रे, बाहुल्या, एक छोटी अँब्युलन्स. तिसऱ्या खेपेला त्याने अँब्युलन्स वाळूत पुरली आणि सांगितलं, “मी आबांशी कट्टी घेतली होती, म्हणून ते गेले.” घरी हे आम्हाला कधीच कळलं नसतं. कट्टीने कुणी मरत नाही, हे मॅडमनी त्याला त्याच शब्दांत सांगितलं. अंथरूण आता बहुतेक कोरडं असतं.

‘देवाघरी’ म्हणू नका असं सांगतील आणि सासूबाई दुखावतील, ही भीती होती. मॅडम म्हणाल्या, आजींना म्हणू द्या, फक्त शरीराचं खरं आधी सांगा.

एका भेटीचे १,२०० रुपये, वेळ ५० मिनिटं. शनिवारची वेळ मिळायला तीन आठवडे लागले, आणि तीन आठवडे लहान मुलासाठी फार असतात. त्या काळात मी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. केंद्राचे फॉर्म मात्र सगळे इंग्रजीत आहेत, ते मराठीत हवेतच. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चढवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी फोनवर वेळ मागितली आहे. आबांच्या कपाटाला त्यांनी अजून हात लावलेला नाही.