आकडा की पेला?

मेनूवर कॅलरी छापाव्यात, की सरळ पेलाच लहान करावा? न्यूयॉर्कने दोन्ही वाटा धरून पाहिल्या. २००८ मध्ये तिथल्या साखळी रेस्टॉरंटांना कॅलरी लिहिणं सक्तीचं झालं. २०१८ पासून २० किंवा जास्त शाखांच्या साखळ्यांना हा नियम अमेरिकाभर लागू आहे. फरक किती? आरोग्य-संशोधन पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यानुसार ६०० कॅलरींच्या जेवणामागे सरासरी ११ कॅलरी कमी. जेमतेम दोन बदाम!

आकडा आधी वाचावा लागतो, मग त्याचा हिशेब करावा लागतो. पोटात कावळे ओरडताहेत, मागे रांग ताटकळलीय, तेव्हा ५४० आणि ७१० मधला फरक कोण तोलत बसतं? नजर आधी चित्रावर जाते, मग किमतीवर. कॉम्बोवर ‘६०० ते १०५०’ छापलं असेल तर विचारायलाच नको.

लहान पेल्याला वाचक लागत नाही. समोर येईल तेवढं संपवायची आपली खोड तिथे कामी येते. पण पेल्याला हात लावलेला लोकांना खपत नाही. न्यूयॉर्कची १६ औंसांहून (सुमारे ४७० मिली) मोठ्या गोड पेयांवरची, २०१२ मध्ये मंजूर झालेली बंदी अमलात येण्याआधीच कोर्टात अडकली आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. तरी मी पेल्याच्याच बाजूने. आकडा राहू दे, वजनाचा हिशेब ठेवणाऱ्याला तो लागतोच.