अंधारात लपण्यासाठी : पाचवी आवृत्ती की पाथफाइंडर?

ज्यांच्या मोहिमेत मारामारीपेक्षा चोरपावलांनी आत शिरण्याचे प्रसंग जास्त येणार आहेत, त्यांना डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रे रंगवत खेळायच्या खेळाची 2014ची पाचवी आवृत्ती घ्यावी की त्याच धर्तीच्या पाथफाइंडरची 2019ची दुसरी, हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही चालवल्या आहेत, आणि उजेडापुरते बोलायचे तर पाचवी आवृत्ती मला आजही काकणभर सरस वाटते. तिच्यात डार्कव्हिजन (अंधारात पाहण्याची शक्ती) असलेल्या पहारेकऱ्यालाही काळोख मंद उजेडासारखाच भासतो, त्यामुळे त्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरला जाणारा सावधपणाचा अंक) 5 ने उतरते आणि 13 चा पहारेकरी 8 वर येतो. पाथफाइंडरमध्ये डार्कव्हिजनवाल्याला रंग सोडून सगळे स्वच्छ दिसते. त्यामुळे डार्कव्हिजन असणाऱ्या गॉब्लिन राक्षसांच्या गुहेत मशाल विझवून काही साधत नाही.

माझे घोडे अडले ते आवाजापाशी. पाचव्या आवृत्तीत आवाज झाला की तुमची जागा उघड होते, पण पुढे काय, हे बरेचसे जीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर, सोडलेले आहे. आमच्या टेबलावर एकदा काळोख्या कोठारात चोराच्या पात्राचा पाय साखळीला लागला. स्टेल्थ, म्हणजे लपण्याची फेक, 9 पडली होती, पहारेकऱ्याचे पॅसिव्ह 12 होते, म्हणून तो पकडला गेला असे मी जाहीर केले. खेळाडू म्हणाला, "अरे, ऐकू आलो म्हणजे दिसलो का?" त्याचे म्हणणे रास्त होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि रंगलेला डाव वादापायी विसकटला.

पाथफाइंडर नेमका हाच प्रश्न सोडवतो. तिथे कान हे डोळ्यांइतके अचूक इंद्रिय मानलेले नाही. आडोशाआडून सरकताना स्टेल्थ फसली तर आवाजावरून तुमचा नकाशावरचा चौकोन कळतो, पण तुम्ही दिसत नाही, आणि वार करणाऱ्याला आधी वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा त्याहून जास्त पाडावे लागतात. स्टेल्थ 10 किंवा अधिक अंकांनी हुकली, तर मात्र तुम्ही नजरेस पडता. याची किंमत म्हणजे दिसलेला, लपलेला, ठाव न लागलेला आणि ज्याची चाहूलच नाही असा, या चार अवस्था प्रत्येक पहारेकऱ्यापुरत्या वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. नवख्या मंडळींना हे जड जाईल, आणि अधूनमधून खेळणाऱ्यांनी पाचव्या आवृत्तीवरच राहिलेले कदाचित बरे.

तेच कोठार मी पुढे पाथफाइंडरमध्ये मांडले. पहारेकऱ्याने आवाजाच्या रोखाने भाला खुपसला, फासा 7 पडला, भाला धान्याच्या पोत्यात रुतला, आणि कोणीही नियमपुस्तक उघडले नाही.