भंडारदऱ्याला कुत्री घेऊन निघालात? आमचे २४,३६० रुपये कसे गेले ते आधी वाचा

आमचे २४,३६० रुपये गेले. एका झटक्यात नाही, पाच वेळा मिळून. आणि गेले ते कुठल्या लॉटरीच्या किंवा दामदुपटीच्या लोभापायी नाही. घरातली दोन कुत्री सोबत नेता यावीत, एवढंच आम्हाला हवं होतं. ज्यांच्या घरी कुत्री आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण ही मंडळी आपली अडचण ओळखूनच जाळं टाकतात.

ही अडचण बाहेरच्यांना कळत नाही. जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' लिहिलेलं असतं, आणि फोन केला की विचारतात, छोटं ब्रीड आहे ना? आमच्याकडे मोती आहे, गावठी, नऊ वर्षांचा, आणि ब्रूनो, ३४ किलोचा लॅब्रेडॉर. बोर्डिंगमध्ये ठेवलं की मोती अन्नाला तोंड लावत नाही. अशात एका ऑनलाइन पेजवर मेअखेरीचं एक पॅकेज दिसलं. भंडारदऱ्याला काजवे, दुसऱ्या दिवशी घोटीमार्गे वैतरणेचा जलाशय, दोन्हीकडे पाण्याकाठी तंबू, जेवणखाण, शेकोटी, कुत्र्यांना पूर्ण मोकळीक. मोठ्यांना माणशी रात्रीचे १,५०० आणि मुलांना निम्मे. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं, म्हणून एकूण १२,०००. हा काही फुकटात वाटल्यासारखा दर नव्हता. संशय यावा असं त्यात काहीच नव्हतं.

पेजवरच्या नंबरवर बोलणारा माणूस पक्का होता. कुत्र्यांची वजनं विचारली, रेबीजच्या लशीच्या कार्डांचे फोटो मागितले, फटाक्यांना घाबरतात का, दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातात का, हेही विचारलं. "ताई, आमच्या साइटवर पण दोन आहेत, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका." लुटायला बसलेला माणूस लशीचं कार्ड मागेल असं कुणाच्या मनात येईल? काजव्यांचा सीझन आहे, दोनच टेंट उरलेत, म्हणाला. निम्मे ६,००० पाठवले. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांचं परत मिळणारं डिपॉझिट म्हणून प्रत्येकी २,५००, म्हणजे ५,००० घेतले.

मग आला तो परवाना. हा भाग अजून डोक्यातून जात नाही.

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तो म्हणाला, आपली साइट त्या बाजूला आहे, कुत्र्यांना वनखात्याचा परवाना लागतो, दर कुत्र्यामागे १,००० अधिक १८ टक्के जीएसटी. २,३६० भरले आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर पावती आली. वर सिंहमुद्रा, खाली गोल शिक्का, मोतीचं आणि ब्रूनोचं नाव आणि वजन. आणि शिक्क्यात लिहिलेलं, 'भंडारदरा, जि. पुणे'.

जि. पुणे! भंडारदरा अकोले तालुक्यात, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपलं पूर्वीचं नगर. हे मला शाळेपासून माहीत आहे. ती पावती मी स्वतः मोठी करून पाहिली होती, मुलांना दाखवली होती, कुत्र्यांची नावं बघून ती हसली होती. शिक्क्यातली अक्षरं डोळ्यांसमोर होती आणि वाचली गेली नाहीत. सरकारी फी एका खासगी यूपीआय आयडीवर गेली, आधीचे पैसे गेले त्याच आयडीवर, आणि स्क्रीनवर कॅम्पचं नाही तर कुणा माणसाचं नाव आलं, हेही तेव्हाच दिसलं होतं. पण आजकाल भाजीवाल्यापासून शिकवणीवाल्यापर्यंत सगळ्यांचे पैसे कुणा ना कुणाच्या नावावरच जातात. त्यात वेगळं काय वाटणार होतं? तरी सांगते, ते नाव वाचा. पैसे पाठवण्याआधी जे नाव येतं ते बँकेत नोंदवलेलं असतं, पेजवरचं गोड नाव नसतं.

पावतीवर जीएसटी नंबरही होता आणि सुरुवातीचे आकडे होते ०८. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, आणि ०८ म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कुणाचा आहे ते फुकट दिसतं. हे मला नंतर भाच्याने सांगितलं. त्यानेच पेजवरचा तंबूंचा फोटो पाहून विचारलं, मामी, मागे तिकोना किल्ला आहे, हे भंडारदरा कसं असेल? तलाव पवनेचा, डोंगर मावळातला. ट्रेकिंग करणाऱ्या कुणालाही फोटो दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

निघायच्या सकाळी फोन आला. तिकडे रेंज नसते, उरलेले आत्ताच भरून टाका. रेंज नसते हे खरंच आहे, त्यामुळे ६,००० भरले. तिसरी रांग पाडून कुत्र्यांची गादी टाकली आणि चाकण, मंचर, आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तिथून फोन केल्यावर त्याने लोकेशन पाठवलं, आणि पिन पडली जलाशयाच्या भर पाण्यात. साइट कुठे ते विचारत वनखात्याच्या नाक्यावर गेलो. तिथल्या माणसाने पावती पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "पाळीव कुत्री आत सोडत नाही, आणि असली पावती आमच्याकडे निघतच नाही." कारणही सांगितलं. कुत्र्यांचे रोग जंगलातल्या प्राण्यांना लागतात.

पुन्हा फोन लावला तर तो म्हणाला, मॅनेजरची चूक झाली, डिपॉझिट लगेच परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा. ब्रूनो धापा टाकत होता, सासूबाईंना चक्कर येत होती, मुलं रडवेली झालेली. नवऱ्याने स्कॅन केलं, पिन टाकला, आणि ५,००० यायच्या ऐवजी गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आम्हालाही माहीत होतं. रस्त्यात, उन्हात, अशा अवस्थेत माणसाला गाठायचं हाच त्यांचा धंदा आहे. त्यानंतर फोन बंद.

शेंडीतला चहावाला म्हणाला, "ताई, अशा गाड्या येतातच. तुम्ही पहिल्या नाही." गावातल्याच एका घराने अंगणात तंबू लावून दिला, कुत्र्यांना पाणी दिलं, पाचही जणांचं पिठलं-भाकरी धरून १,८०० घेतले आणि तेही सकाळी निघताना. खरे कॅम्पवाले असे असतात. व्हिडिओ कॉल करून आत्ताची जागा दाखवा म्हटलं तर दाखवतात. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आता पोलिसांचं ऐका. वाटेतल्या एका ठाण्यात सांगितलं, पैसे पुण्यातून गेलेत, पुण्यात जा. पुण्यात आमच्या भागातल्या ठाण्यात सांगितलं, घटना तिकडे घडली, तिकडे द्यायला हवी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यावी लागते. हे म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, "वकील आहात का?" मग साध्या कागदावर अर्ज घेतला, एफआयआर नाही. एवढ्याशा रकमेसाठी कुणी राजस्थानात जाणार आहे का, हेही ऐकवलं. एवढीशी! सासूबाईंच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा ती रक्कम जास्त आहे. आणि तो माणूस अशा किती घरांकडून घेत असेल? प्रत्येकाची रक्कम लहान म्हणून कुणाचीच नोंद करायची नाही, मग हे थांबणार कसं? तिथल्या बाकड्यावर आम्ही दुपारभर बसलो आणि शेवटी पोच मागितली तर शिक्का कपाटात आहे, उद्या या.

बँकेचं उत्तर त्याहून संतापजनक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार परस्पर झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडत नाही. पण पिन तुम्ही स्वतः टाकला म्हणून ते तुम्हाला लागू नाही, असं सांगून काउंटरवरच्या बाईंनी पुढचा टोकन नंबर पुकारला. खोटं बोलून पिन टाकायला लावला ही फसवणूक नाही, तर मग काय आहे? समोरच्या खात्यात ३,१४० रुपये गोठवलेत असं कळलंय. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं आम्हाला सांगितलं. ३,१४० साठी वकील लावायचा?

पैसे गेल्याचं कळल्याक्षणी, ठाणं शोधत बसण्याआधी, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली तरच काही अडकतं. आम्ही रेंजच्या शोधात आणि ठाण्याच्या दारात संध्याकाळ घालवली. चॅट पुसू नका, व्यवहाराचे बारा आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवा. बँकेला लेखीच द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमचा अर्ज तिथे जाणार आहे.

ते पेज नाव बदलून चालू आहे. तिकोन्याचा तोच फोटो, आता पावसाळी कॅम्पिंग म्हणून, आणि खाली कुत्र्याच्या पंजाचं चित्र. खाली कुणीतरी विचारलंय, आमचा जर्मन शेफर्ड चालेल का? मी लिहिलेला इशारा त्यांनी तासाभरात काढून टाकला. त्या प्रश्नकर्तीला मी थेट निरोप पाठवलाय, अजून वाचलेला दिसत नाही. तुमच्या ओळखीत जर्मन शेफर्डवालं कुणी पावसाळ्यात तंबूत राहायला निघालं असेल तर त्यांना आजच फोन करा.