वेबसाइटचा ट्रॅफिक गाळायचाय, मग डेटा फिल्टर लावायचा की रिपोर्टमधला फिल्टर?

पुण्यातल्या छोट्या दुकानांच्या, क्लासेसच्या, कॅफेंच्या वेबसाइटचे आकडे बघायचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो: आमचीच माणसं दिवसभर साइट उघडून बसलेली असतात, ती आकड्यांतून काढायची कशी? गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, त्याच्या आताच्या जीए-४ या आवृत्तीत, दोन रस्ते आहेत. एक अ‍ॅडमिनमधला डेटा फिल्टर, तो कायमचा. दुसरा म्हणजे रिपोर्ट उघडल्यावर लावायचा फिल्टर, कंपॅरिझन (दोन गटांचे आकडे शेजारी ठेवणं) किंवा सेगमेंट (निवडक भेटींचा गट), जो काढला की सगळं परत दिसतं. बहुतेक छोट्या साइटना दुसरा रस्ता पुरतो, आणि पहिला अर्धवट अवस्थेत ठेवून दुसऱ्याला जोडला तर फारच छान चालतो, ते पुढे सांगतो.

आधी कायमचा म्हणजे किती कायमचा ते बघा. जीए-४ च्या आधीच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये एका प्रॉपर्टीत (एका साइटच्या खात्यात) बरेच व्ह्यू, म्हणजे त्याच डेटाकडे बघायच्या वेगवेगळ्या खिडक्या, करता यायचे, एक व्ह्यू बिनफिल्टरचा ठेवायचा आणि बाकीच्यांवर काय हवे ते प्रयोग करायचे, चुकलं तरी मूळ डेटा शाबूत. १ जुलै २०२३ ला त्यात डेटा घेणं बंद झालं आणि जीए-४ च्या फुकटच्या प्रॉपर्टीत व्ह्यू हा प्रकारच नाही. म्हणजे तुमचा डेटा फिल्टर एकुलत्या एक डेटावर बसतो. अ‍ॅक्टिव्ह केल्यावर जे गाळलं ते प्रोसेसच होत नाही, ते नंतर कुठूनही काढून मिळत नाही, आणि मागच्या डेटावर त्याचा काही परिणामही होत नाही, म्हणजे जुना कचरा तसाच. लागू व्हायला २४ ते ३६ तास जातात ते वेगळंच.

आता एफसी रोडवरचा एखादा कॅफे धरा. ऑफिसचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) म्हणून मालकाने दुकानातल्या वायफायचा आयपी टाकला. पण तेच वायफाय गिऱ्हाइकांना पण दिलेलं, टेबलावर क्यूआर कोड, तो स्कॅन करून लोक मेनू वेबसाइटवरच बघतात. फिल्टर अ‍ॅक्टिव्ह केला की दुकानात बसून मेनू उघडणारं सगळं गिऱ्हाईक स्टाफसोबत बाद, आणि मालकाला वाटणार मेनूचं पान कोणी बघतच नाही. को-वर्किंगमध्ये बसणाऱ्यांचं पण असंच, तिथे शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचा ग्राहक असू शकतो. आणि घरून काम करणारे तर धरताच येत नाहीत कारण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो. (त्यासाठी टॅग मॅनेजर या गूगलच्या साधनातून स्टाफच्या ब्राउझरमध्ये कुकी (खुणेची छोटी फाइल) लावून ट्रॅफिक टाइप 'इंटर्नल', म्हणजे आपल्याच माणसांचा, असा पाठवता येतो, पण ते टीममध्ये कोणीतरी तांत्रिक माणूस असेल तरच.)

रिपोर्टमधल्या फिल्टरची अडचण वेगळी आहे. जीए-४ आयपी साठवून ठेवत नाही, त्यामुळे रिपोर्ट उघडून 'हा आयपी वगळा' असं सांगता येत नाही. मग लोक शहर वगळायला जातात. पुण्यातल्या दुकानाने पुणेच वगळलं तर उरलं काय? शिवाय शहर आयपीवरून अंदाजाने ठरतं, पुण्यात बसलेला मोबाइलवाला मुंबईत दिसू शकतो.

म्हणून मला सगळ्यात पटणारा मधला रस्ता असा. डेटा स्ट्रीमच्या (साइटवरून जीए-४ मध्ये येणाऱ्या डेटाच्या) टॅग सेटिंग्जमध्ये इंटर्नल ट्रॅफिकचा नियम बनवा, ऑफिसचा आयपी टाका, आणि अ‍ॅडमिनमधला फिल्टर 'टेस्टिंग'वरच राहू द्या. टेस्टिंगमध्ये काहीही गाळलं जात नाही, फक्त त्या ट्रॅफिकवर फिल्टरच्या नावाची खूण बसते. मग रिपोर्टमध्ये कंपॅरिझन लावताना 'टेस्ट डेटा फिल्टर नेम' हे डायमेन्शन (आकडे वेगळे करायचा निकष) घ्यायचं आणि आपल्या फिल्टरचं नाव एक्सक्लूड करायचं. शेजारी सगळ्या युजर्सचं कंपॅरिझन पण ठेवा, एकावेळी चारपर्यंत बसतात, मग आपल्याच माणसांनी आकडा किती फुगवलाय ते समोरासमोर दिसतं. कॅफेवाल्याला इथेच लगेच कळेल की खूण गिऱ्हाइकांवर पण बसतेय, आणि काहीच गमावलेलं नसेल.

मग अ‍ॅक्टिव्ह कधी करायचं? आयपी स्टॅटिक आहे, त्या नेटवर्कवर फक्त स्टाफ आहे, आणि काही आठवडे टेस्टिंगमध्ये बघून खात्री पटलीय, तर करा, कारण एक गोष्ट रिपोर्टमधल्या फिल्टरला जमत नाही: तो फक्त दिसणं बदलतो. स्टाफ ऑडियन्समध्ये (जाहिरातींसाठीच्या युजर्सच्या यादीत) जमा होतच राहतो, त्यांच्या टेस्ट ऑर्डरी 'की इव्हेंट' (महत्त्वाची कृती) म्हणून मोजल्या जातात, आणि त्यावर जाहिराती चालवत असाल तर ते महागात पडतं. डेव्हलपर ट्रॅफिकचा (साइट बनवणाऱ्याच्या चाचण्यांचा) फिल्टर मात्र अ‍ॅक्टिव्ह करायला मला फारशी भीती वाटत नाही, तो ट्रॅफिक डीबग व्ह्यू या जीए-४ च्या चाचणीच्या पानावर दिसत राहतो. ओळखीचे बॉट (आपोआप साइट उघडणारे प्रोग्रॅम) जीए-४ स्वतःच काढतं, त्यात तुम्हाला काही करायचं नाही.

सेगमेंट एक्सप्लोरेशनमध्ये (जीए-४ च्या सखोल विश्लेषणाच्या भागात) लावायचा असतो, ताकदवान आहे, पण तिथे डेटा रिटेन्शन, म्हणजे डेटा किती काळ ठेवायचा ती मर्यादा, आडवं येतं. ते मुळात २ महिन्यांवर असतं. फराळ विकणाऱ्याला ही दिवाळी गेल्या दिवाळीशी ताडून बघायची असेल तर एक्सप्लोरेशनमध्ये मागचं काही मिळणारच नाही, म्हणून आजच अ‍ॅडमिनमध्ये जाऊन ते १४ महिने करून ठेवा. साध्या रिपोर्टना ही मर्यादा नाही.

आणखी एक गल्लत सारखी दिसते. स्पॅम साइटवरून ट्रॅफिक येतोय म्हणून लोक तिचं नाव 'अनवॉन्टेड रेफरल'च्या यादीत टाकतात आणि निश्चिंत होतात. त्या यादीने व्हिजिट जात नाही, फक्त रेफरलचं श्रेय (कोणत्या साइटवरून आला ही नोंद) जातं, तोच स्पॅम मग डायरेक्टमध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, येऊन बसतो आणि ओळखायला आणखी अवघड होतो. ती यादी पेमेंट गेटवेसाठी आहे, पैसे भरून परत आलेला माणूस गेटवेच्या नावावर लागू नये म्हणून. स्पॅमसाठी रिपोर्टमध्ये सेशन सोर्सवर (भेट कुठून आली त्यावर) एक्सक्लूड लावा.

मालकाला दर महिन्याला लुकर स्टुडिओचा (गूगलच्या रिपोर्ट बनवायच्या साधनाचा) रिपोर्ट पाठवत असाल तर तिथे फिल्टर चार्टला, पानाला किंवा अख्ख्या रिपोर्टला लावता येतो, पण बघणाऱ्याला तो दिसत नाही. चार्टच्या नावातच लिहा, 'स्टाफ वगळून', नाहीतर मालक जीए-४ उघडणार, आकडा जुळणार नाही आणि तुम्हाला फोन येणार.