ब्लॅकबेरी झेड-टेन आणि लुमिया ६३० : चौदा महिने, दोन खिसे

यार्डातले हमाल सकाळी मला बघून विचारतात, "दिवाणजी, आज कुठलं म्हातारं संगं आणलंय?" शर्टाच्या खिशात ब्लॅकबेरी झेड-टेन असतो, पँटच्या खिशात लुमिया ६३०. ब्लॅकबेरी मे २०१४ पासून वापरतोय. लुमिया दिवाळीनंतर शेठकडून माझ्याकडे आला. हे जुलै २०१५ मध्ये लिहितोय. याच महिन्यात, ८ तारखेला, मायक्रोसॉफ्टने नोकियाकडून घेतलेल्या लुमिया फोनच्या धंद्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मामा, तुमचं दोन्ही अजून चालू हायत न्हवं?" चालू आहेत. कसे चालतात ते सांगतो.

आधी माझं काम सांगायला हवं, कारण गेम खेळणाऱ्याला आणि मला एकच फोन चांगला वाटणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सकाळी सौदे, ते झाले की बाहेरगावच्या खरेदीदारांना भाव कळवायचे, हळकुंड मोडून आतल्या रंगाचा फोटो पाठवायचा, संध्याकाळी बिलं मेलवर टाकायची, आणि मधल्या वेळात "आमची पट्टी (विक्रीचा हिशेब) झाली का" म्हणून विचारणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे. सीझनमध्ये दिवसाला शंभरएक कॉल सहज होतात. बोटांना कायम हळद.

आणि दुसरी गोष्ट, मी एकदा पोळलेला माणूस आहे. माझ्याकडे नोकियाचा ई-६३ होता. खाली पूर्ण कीबोर्ड, न बघता टाइप करायचो. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि सिंबियन, म्हणजे माझ्या फोनची आतली यंत्रणा, वाऱ्यावर सोडलं. फोन त्या दिवशी बंद पडला नाही, हे लक्षात घ्या. तो पुढे तीन वर्षं चालला. पण आजूबाजूचं एकेक बंद होत गेलं. १ जानेवारी २०१४ पासून तर नोकियाच्या दुकानात सिंबियनसाठी नवी अॅपं आणि सुधारणा घेणंच थांबलं. मधे सात महिने एक स्वस्तातला अँड्रॉइडही वापरून झाला होता. कंपनीचं नाव घेत नाही. फोन वाजायचा, पण उचलायचं बटण पडद्यावर येईपर्यंत समोरचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. अडत दुकानात असला फोन म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात पाठवण्यासारखंच.

म्हणून २०१४ च्या उन्हाळ्यात मारुती रोडवर गेलो तेव्हा डोक्यात अँड्रॉइड नव्हताच. काउंटरवर दोन पर्याय होते आणि दोन्ही आजारी. झेड-टेन फेब्रुवारी २०१३ मध्ये भारतात ४३,४९० रुपयांना आला होता, सव्वा वर्षात तो १७,९९० वर उतरलेला. एवढा का उतरला तेही पेपरात आलं होतं. माल खपला नाही, सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने ४,५०० माणसं काढायची ठरवली, कंपनीच विकायचा घाट घातला आणि नोव्हेंबरात तो सौदाही फिसकटला. मग जॉन चेन नावाचे नवे साहेब आले. दुसरीकडे लुमिया ६३०. विंडोजवर चालणारा, दोन सिमचा, ११,५०० रुपयांचा, नुकताच आलेला. नोकियाचा फोनधंदा २५ एप्रिलला मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला होता, त्यामुळे पाठीशी पैसेवाला मालक. पण नेमकं त्याच मे महिन्यात विंडोजच्या स्टोअरवरून व्हॉट्सअॅप गायब झालं. ज्यांच्या फोनात आधीपासून होतं त्यांचं चालत होतं, नवीन कुणाला घेता येत नव्हतं. ते परत यायला जवळजवळ दोन आठवडे लागले.

मी झेड-टेन घेतला. व्हॉट्सअॅप परत आल्यावर शेठना लुमिया घ्यायला लावला, कारण त्यांना दुकानाचा आणि घरचा नंबर एकाच फोनात हवा होता. त्यांनी पिवळा निवडला. म्हणाले, "हळदीच्या दुकानात दुसरा रंग टिकणारच नाही." बरोबर होतं त्यांचं.

झेड-टेनबद्दल बोलायचं तर कीबोर्डपासूनच सुरुवात करावी लागेल. बटणं नाहीत, काचेवरचाच आहे, म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण हा कीबोर्ड तुमचे शब्द शिकतो. मी भाव रोमन लिपीत मराठीतून कळवतो. पंधरा दिवसांत त्याला माझी भाषा येऊ लागली. 'आर' दाबला की 'ए'च्या डोक्यावर 'राजापुरी' हे हळदीच्या जातीचं नाव उभं राहतं. अंगठ्याने ते वर ढकललं की शब्द ओळीत जाऊन बसतो. मग 'सेलम', मग 'गड्डा', मग 'पोती', आणि आमच्या दोन-तीन खरेदीदारांची आडनावंसुद्धा. चुकलं तर कीबोर्डवरून बोट डावीकडे ओढायचं, पूर्ण शब्द पुसला जातो. ई-६३ ची आठवण येणं सहाव्या आठवड्यात थांबलं. गेल्या वर्षभरात इतका लिहिता फोन माझ्या हातात दुसरा आलेला नाही, आणि दुकानात येणाऱ्या पोरांचे पंचवीस-तीस हजारांचे फोन मी मागून बघितलेत.

त्यानंतर हब. मेल, मेसेज, व्हॉट्सअॅप, आलेले कॉल, सगळं एका यादीत. काहीही चालू असलं तरी खालून अंगठा वर नेऊन उजवीकडे वळवला की कडेने यादी डोकावते, कामाचं नसलं तर तसंच परत ढकलायचं. वर कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकतो, पोत्याच्या थप्पीवर फोन ठेवला तरी दहा फुटांवरून दिसतो. समोरच्या बाजूला बटणच नाही हे तर आमच्या धंद्यासाठी वरदान. ई-६३ च्या कळांच्या फटींतून मी टाचणीने हळद काढायचो.

बॅटरी १८०० एमएएचची. माझ्या कॉलना ती पुरणार नाही हे घेतानाच दिसत होतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात जादा बॅटरी घेतली. मागचं झाकण उघडून दुपारी दोनला बदलतो. ज्यांना हे नकोसं वाटतं त्यांनी हा फोन घेऊ नये. कव्हरची गोष्ट वेगळीच आहे. अख्ख्या मारुती रोडवर त्याचं कव्हर नाही. एका पोराने दुसऱ्याच फोनचं रबरी कव्हर आणून कॅमेऱ्याच्या जागी ब्लेडने भोक पाडून दिलं, वीस रुपये घेतले. तेच अजून चालू आहे.

अॅपांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. या फोनची १०.२.१ ही आवृत्ती २०१४ च्या जानेवारीत आली, तेव्हापासून अँड्रॉइडची अॅपची फाइल थेट घालता येते. रेल्वेचं वेळापत्रक, हिशेबाचं एक साधं अॅप, असलं चालतं. पण ज्या अॅपला आतून गूगलच्या सेवा लागतात ते लंगडतं किंवा उघडतच नाही. आमच्या एका बँकेचं अॅप असंच. शाखेत विचारलं तर काउंटरवरच्या बाईंनी फोन हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि "सर, हा कुठला?" म्हणून शेजारच्यांना दाखवला. मी ब्राउझरमधून बँकेचं काम करतो. वायदेबाजाराचे भावही ब्राउझरमध्येच बघतो.

इथे जरा सांगलीजवळच्या हरिपूरकडे वळतो. नदीकाठी आमच्याकडे हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, त्यात पोतीच्या पोती हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. व्यापारी निर्धास्त असायचे. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं. माल ज्याचा होता त्याच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. ही गोष्ट मनात धरून मी गेल्या वर्षी वहीचं एक पान घेतलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे, फोनमधलं जे माझ्या स्वतःच्या गोदामात आहे ते. उजवीकडे, जे दुसऱ्याच्या पेवात आहे ते.

झेड-टेनची डावी बाजू माझ्या अंदाजापेक्षा लांब निघाली. कॉल, कीबोर्ड, कॅमेरा, नंबर, बॅटरी बदलायची सोय हे तर आहेच. पण मेलसुद्धा. जुन्या ब्लॅकबेरींचा मेल कंपनीच्या यंत्रणेतून फिरून यायचा, सिमवर वेगळा ब्लॅकबेरी प्लॅन मारावा लागायचा. झेड-टेन मेल थेट आपल्या मेलवाल्याकडूनच उचलतो, साधा डेटा पॅक पुरतो. म्हणजे उद्या ब्लॅकबेरीचं कॅनडातलं दुकान बंद झालं तरी माझी बिलं जातील. अॅपची फाइल मेमरी कार्डवर ठेवली तर स्टोअरशिवायही बसते. उजवीकडे मुख्य म्हणजे व्हॉट्सअॅप. ते ज्या दिवशी म्हणतील 'आता पुरे', त्या दिवशी माझं अर्धं काम अडेल.

लुमियाचं पान उलटं आहे. त्याच्यावर अॅप घालायचं म्हणजे मायक्रोसॉफ्टचं खातं आणि मायक्रोसॉफ्टचं स्टोअर, दुसरा रस्ता साध्या माणसाला नाही. मालक मोठा आहे, पण किल्ली त्याच्याच कमरेला. मात्र एक गोष्ट डावीकडे अशी आहे की तिच्यासाठी हा फोन मी जपतो. नकाशे. हिअर मॅप्स या नकाशाच्या अॅपमध्ये सध्या, २०१५ मध्ये, अख्ख्या राज्याचा नकाशा फुकट उतरवून घेता येतो, आणि नेटशिवाय तो वळणं सांगतो. जानेवारीत शेठबरोबर गाडीने निजामाबादच्या हळदबाजारात गेलो. बिदरच्या पुढे कुणाच्याच फोनला रेंज नव्हती, ड्रायव्हरचा फोन नुसता गोल फिरत होता. पिवळा मात्र शांतपणे डावीकडे, उजवीकडे सांगत गेला.

बाकी लुमिया हा सरळ स्वभावाचा फोन आहे. रॅम ५१२ एमबी, त्यामुळे मोठे गेम चालत नाहीत, पण रोजची कामं न अडखळता करतो. माझ्या त्या जुन्या अँड्रॉइडलाही एवढीच रॅम होती, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पुढे कॅमेरा नाही, मागे फ्लॅश नाही. शेठनी फोन सोडला तो त्या पुढच्या कॅमेऱ्यापायीच, पुण्यातल्या नातवाला आजोबांचं तोंड बघायचं असतं. मागचा कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा, पण नोकियाच्या कॅमेरा अॅपमध्ये व्हाइट बॅलन्स हाताने बदलता येतो. आमच्या दुकानात ट्यूबलाइट आहेत, आणि ट्यूबलाइटखाली कुठल्याही फोनने काढलेलं हळकुंड लिंबासारखं दिसतं. ते जरा केशरीकडे सरकवलं की खरा रंग येतो. फार सरकवायचं नाही, माल पोचल्यावर पार्टी भांडते.

लुमियावर मी देवनागरीत लिहितो, हिंदीचा कीबोर्ड घेऊन. 'ळ' कुठे लपलाय ते कळायला मला दोन दिवस लागले. हळदीच्या दुकानातून दोन दिवस 'हलद' म्हणून मेसेज गेले आणि एका तासगावच्या शेतकऱ्याने विचारलं, "दिवाणजी, दात पाडलं काय?"

एक सुख दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून दिलं. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सअॅप कॉम्प्युटरवर चालू झालं तेव्हा ते अँड्रॉइडबरोबर विंडोज फोन आणि ब्लॅकबेरीलाही मिळालं. आयफोनवाल्यांना तेव्हा मिळालं नव्हतं. शेजारच्या गाळ्यातल्या आयफोनवाल्या धाकट्या शेठसमोर मी दुकानाच्या कॉम्प्युटरवरून दोन्ही हातांनी भाव टाइप करतो, जरा आवाज करूनच.

अँड्रॉइड नसलेले बाकीचे म्हणाल तर फायरफॉक्सच्या यंत्रणेवर चालणारा, १,९९९ रुपयांचा इंटेक्स आमच्या एका हमालाने घेतला होता. १२८ एमबी रॅम, त्यात काय मावणार? तो आता त्यावर एफएम ऐकतो. सॅमसंगचा टायझन यंत्रणेवरचा झेड-वन, ५,७०० चा, मी फक्त काउंटरवर हाताळला. फिनलंडवाल्यांचा योला १६,४९९ ला ऑनलाइन आला होता, त्याचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण कव्हरसाठी ब्लेड चालवणारा पोरगासुद्धा त्याला हात लावणार नाही, या विचाराने थांबलो.

आत्ता, २०१५ मध्ये, कुणी विचारलं की दोनांतला कुठला, तर मी आधी उलट विचारतो, दिवसभर लिहिता की फिरता? लिहिणाऱ्याने झेड-टेन घ्यावा, तोही निम्म्या भावात मिळाला तर आणि दोन बॅटऱ्यांसकट. फिरणाऱ्याने, दोन सिमवाल्याने लुमिया. विंडोज १० ची चाचणीची आवृत्ती फेब्रुवारीत ६३० वर उतरली, म्हणून पोरं खुशीत आहेत. मी त्यावर काही घेत नाही. लुमिया ८०० घेणाऱ्यांनाही पुढची आवृत्ती मिळेल असं वाटलं होतं, आणि २०१२ मध्ये त्यांना विंडोज फोन ७.८ च्या पुढे दार बंद झालं. आज हातात जे आहे त्याचेच पैसे द्यावेत. सगळे नंबर मी दर महिन्याच्या अमावास्येला, दुकान लवकर बंद होतं तेव्हा, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो.

भाच्याला मात्र अँड्रॉइडच घ्यायला सांगितलं. त्याला गेम लागतात, आणि त्याच्या वर्गात सगळ्यांकडे तेच आहे.

परवा शेठ गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "दिवाणजी, तो पिवळा कुठाय?" मला वाटलं विकायचा म्हणतायत. तर म्हणाले, "नवी हळद यायच्या आधी निजामाबादला एक चक्कर मारायचीय. नकाशा त्यातच आहे ना? चार्ज करून ठेवा."