गावच्या घराला आतून काय लावाल: चुना की लो-व्हीओसी रंग?

गणपतीला गावचं घर उघडलं की आधी कुबट वास यायचा. माजघरातल्या कपाटामागे हात फिरवला तर तळव्याला काळपट बुरशी लागायची आणि आईचा दमा तिथेच उसळायचा. म्हणून गेल्या वर्षी दुरुस्ती काढताना आतली हवा चांगली राहील असंच काम करायचं ठरवलं. तुम्हीही त्याच विचारात असाल तर हे वाचा.

साध्या ऑइलपेंटमधून डोकं चढवणारी बाष्पं सुटत राहतात, त्यांनाच व्हीओसी म्हणतात. लो-व्हीओसी इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगात, ती बरीच कमी असतात. हरित इमारतींसाठी आतल्या मॅट रंगाला लिटरमागे 50 ग्रॅमची मर्यादा सर्रास धरतात. डब्यावर हा आकडा बघाच, नुसत्या ‘वास येत नाही’वर जाऊ नका. हा रंग पुसता येतो, कामही झटपट होतं. पण आपल्या कोकणातला चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. पावसाळाभर भिंत ओली राहते आणि आतून रंगाचा पापुद्रा बसला की त्या ओलीला वाट उरत नाही. मग फुगे येतात, पोपडे सुटतात आणि त्यांच्यामागे बुरशी धरते.

चुन्याची भिंत ओल घेते आणि उघडीप मिळाली की सोडते. ताज्या चुन्याचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे तो चांगलाच अल्कधर्मी असतो, त्यात बुरशी रुजत नाही. सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो. तसतसा त्याचा जोर मात्र ओसरतो, म्हणून काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. टेकून बसलं तर पाठ पांढरी होते. चुन्याचा हात असलेला गवंडी मिळणं हीच खरी अडचण. काम दिवाळीनंतर काढा, पावसाच्या तोंडावर नको.

चिऱ्याची जुनी भिंत असेल तर मी डोळे मिटून चुना सांगेन. सिमेंटचा गिलावा आधीच झाला असेल तर लो-व्हीओसी घ्या, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला एक्झॉस्ट हवाच.

आणि भिंतींवर एवढा खर्च करून एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचं, कपाट आणू नका. त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू सुटतो, आपल्या दमट उष्म्यात जास्तच. फणसाचं लाकूड परवडत नसेल तर निदान ई-1 दर्जाचं, म्हणजे हा वायू कमी सोडणारं, प्लाय मागा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

आम्ही माजघर नि ओटीला चुना दिला, मागच्या सिमेंटच्या खोलीला इमल्शन. किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते. पाऊस थांबला की त्या पुढचं-मागचं दार तासभर उघडं ठेवतात.